दहा वजने आणि एक सरासरी

१९४७ च्या फाळणीनंतर दिल्लीत दंगली पेटल्या, तेव्हा जीव मुठीत धरून पळालेल्या असंख्य माणसांनी लाल किल्ल्यात आसरा घेतला. काही जण हुमायूनच्या मकबऱ्यात गेले. या निर्वासितांना जेवण पुरवणे ही सरकारची जबाबदारी होती आणि ते काम ठेकेदारांकडे सोपवले होते. ठेकेदार बिले लावत: तांदूळ इतका, डाळ इतकी, मीठ इतके. आत नेमकी किती माणसे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे समोर येईल ते बिल चुकते करण्यावाचून सरकारपुढे मार्ग नव्हता. खर्च मात्र डोळे विस्फारावेत इतका वाढत चालला.

अखेर संख्याशास्त्रज्ञांना बोलावणे गेले. ते निर्वासितांच्या समाजाचे नव्हते, त्यामुळे त्या तापलेल्या वातावरणात त्यांना किल्ल्यात पाठवणे धोक्याचे होते. ज्यांची संख्या काढायची ती माणसे डोळ्यांनी पाहायचीही सोय नव्हती. हाती होती फक्त ठेकेदारांची बिले. भारतीय संख्याशास्त्र संस्थेशी संबंधित असलेल्या जे. एम. सेनगुप्ता यांनी यातून काढलेला मार्ग प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी आपल्या ‘स्टॅटिस्टिक्स अँड ट्रुथ’ या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. एक माणूस दिवसाला साधारण किती तांदूळ, किती डाळ आणि किती मीठ खातो, याची सरासरी आधीच्या आहार-पाहण्यांतून माहीत होती. बिलातल्या प्रत्येक जिनसाला त्या सरासरीने भागायचे. तिन्ही जिनसांवरून माणसांची संख्या सारखीच निघायला हवी. ती निघाली नाही. तांदळावरून आलेला आकडा सर्वांत मोठा होता आणि मिठावरून आलेला सर्वांत लहान.

कारण उघड होते. तांदूळ महाग, तो फुगवून दाखवला तर ठेकेदाराचा फायदा मोठा. मीठ इतके स्वस्त की त्याचा आकडा वाढवून हाती काहीच लागत नाही. समजा, एका दिवसाच्या बिलात १०० किलो मीठ आणि ६० क्विंटल तांदूळ आहे. माणशी १० ग्रॅम मीठ धरले तर माणसे १०,००० होतात. माणशी ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर १५,०००. मधली पाच हजार माणसे किल्ल्यात नाहीत, ती फक्त बिलात जेवत आहेत. हे आकडे समजण्यापुरते घेतलेले असले, तरी प्रत्यक्षातली रीत हीच होती. मिठावरचा अंदाज खरा मानला गेला. हुमायूनच्या मकबऱ्यात माणसे कमी होती. तिथे हीच रीत पडताळून पाहिली, तेव्हा ती बरोबर ठरली.

या सगळ्यात सातवीच्या मुलाला येणार नाही असे गणित कुठेच नाही. मोजणी, भागाकार, सरासरी आणि तीन उत्तरांची आपसांत तुलना, एवढेच. संख्याशास्त्राच्या या पहिल्या पायरीला वर्णनात्मक सांख्यिकी म्हणतात. हातात आलेल्या आकड्यांचा ढीग नीट लावणे, त्याचा मध्य कुठे आहे, तो किती पसरला आहे, कोणता आकडा इतरांपासून फटकून आहे हे सांगणे, हे तिचे काम. भाकीत करणे तिच्या कक्षेत येत नाही. तरीही तहसील कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत रोज जे निर्णय होतात, त्यांतल्या बहुतेकांना एवढे ज्ञान पुरते. अट एकच: सरासरी कोणती, कशाची आणि कशाने भागून काढलेली, हे विचारण्याची सवय हवी.

ही सवय आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाला होती. दादाभाई नौरोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८७६ मध्ये त्यांनी ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा निबंध मुंबईत वाचला. ब्रिटिश राज्यात हिंदुस्थान समृद्ध होतो आहे, असे सरकार म्हणत होते. दादाभाईंनी सरकारच्याच प्रशासन-अहवालांतले आकडे घेतले, शेतीचे आणि इतर उत्पन्न प्रांतवार मांडले आणि लोकसंख्येने भागले. उत्तर आले: माणशी वर्षाला सुमारे २० रुपये. मग त्यांनी हा आकडा कैद्याच्या अन्नवस्त्रावर तुरुंगात होणाऱ्या खर्चाशेजारी ठेवला. बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नव्हते. एक भागाकार आणि एक तुलना यांच्या बळावर त्यांनी साम्राज्याच्या दाव्याला आव्हान दिले.

त्याच निबंधातला एक भाग फारसा कोणी वाचत नाही, पण प्रशासनाच्या दृष्टीने तो तितकाच मोलाचा आहे. सरकारी अहवालांत प्रांताची सरासरी कशी काढतात, यावर दादाभाईंनी बोट ठेवले. जिल्हानिहाय एकरी पीक किंवा भाव घ्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, असा प्रकार चालला होता. समजा, एका जिल्ह्यात १ लाख एकरांवर एकरी ८ मण पिकते आणि दुसऱ्यात केवळ १० हजार एकरांवर एकरी २ मण. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले, तर सरासरी ५ मण येते. प्रत्यक्षात एकूण पीक ८ लाख २० हजार मण आणि जमीन १ लाख १० हजार एकर. म्हणजे खरी सरासरी साडेसात मणांच्या आसपास. मोठ्या आणि छोट्या जिल्ह्याला एकाच तागडीत सारखे वजन दिले की उत्तर कितीही बिघडू शकते. यात दादाभाईंची सचोटीही दिसते. चूक सुधारल्यावर आकडा त्यांच्या गरिबीच्या मुद्द्याला सोयीचा निघतो की गैरसोयीचा, याची पर्वा न करता त्यांनी ती दाखवून दिली.

आज संगणकाच्या तक्त्यात ही चूक करणे अधिकच सोपे झाले आहे. तालुक्यांच्या टक्केवाऱ्या एका रकान्यात भरल्या, खाली सरासरीचे सूत्र टाकले की जिल्ह्याची टक्केवारी तयार. पन्नास विद्यार्थ्यांची शाळा आणि हजार विद्यार्थ्यांची शाळा त्यात एकाच मापाने मोजल्या जातात.

दुसरी अडचण कार्यालयाच्या खिडकीवर दिसते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळायला हवा, हे त्यानुसार ठरवून जाहीर करावे लागते. आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका दाखल्याची मुदत १५ दिवस आहे आणि नऊ अर्जांना लागलेले दिवस असे: ३, ४, ४, ५, ५, ६, ७, ८ आणि ९३. बेरीज १३५, सरासरी बरोबर १५. मासिक अहवालात लिहिले जाईल, ‘सरासरी १५ दिवस, मुदतीत’. वाक्य खोटे नाही. पण त्या कार्यालयात पंधरा दिवस एकाही माणसाला लागलेले नाहीत. आठ जणांचे काम आठ दिवसांच्या आत झाले आणि एक जण तीन महिने खेटे घालत राहिला.

आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला घेतला, तर तो ५ येतो. त्याला मध्यक म्हणतात. एखाददुसऱ्या टोकाच्या आकड्याने मध्यक हलत नाही, म्हणून सर्वसाधारण माणसाचा अनुभव तो जास्त प्रामाणिकपणे सांगतो. मध्यक ५ आणि सरासरी १५, या दोघांतले अंतरच अधिकाऱ्याला सांगते की कार्यालयाचा वेग ठीक आहे, कुठेतरी एखादी फाइल अडकली आहे. मग सगळ्यांना ‘कामाचा वेग वाढवा’ असे परिपत्रक काढण्याऐवजी तो त्र्याण्णव दिवसांचा अर्ज उघडून पाहता येतो. त्रुटी होती का, कोणाच्या टेबलावर थांबला, अर्जदाराला कळवले का? कदाचित तो अर्ज दूरच्या वाडीवरच्या एखाद्या विधवेचा असेल, जिला जुना पुरावा मिळवणे जड गेले. प्रशासनाची खरी परीक्षा अशाच अर्जांवर होते, आणि सरासरीत नेमके तेच अर्ज विरघळून जातात.

मोजणीच अपुरी असेल, तर पुढचे सगळे गणित पोकळ. गडचिरोलीत १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिच्या कामाचा पाया औषधाच्या आधी नोंदवहीचा आहे. गावोगावी जन्म आणि मृत्यू नोंदवायला सुरुवात झाली, तेव्हा १९८८ मध्ये त्या भागातला अर्भकमृत्यूदर हजार जन्मांमागे १२१ निघाला.

अर्भकमृत्यूदर म्हणजे वर्षाच्या आत दगावलेली बाळे भागिले जिवंत जन्मलेली बाळे, गुणिले हजार. सूत्र एका ओळीचे. पण घरी जन्मलेले आणि काही तासांतच गेलेले बाळ बहुधा कुठेच लागत नाही: जन्माच्या वहीत नाही, मृत्यूच्याही नाही. शंभर बाळे जन्मली आणि बारा गेली, तर दर १२०. त्या बारांपैकी सहा बाळे दोन्ही वह्यांतून निसटली, तर कागदावर ९४ जन्म आणि ६ मृत्यू राहतात, म्हणजे दर ६४. बाळे तेवढीच गेली, पण दर जवळपास निम्म्यावर आला. अशा कागदावर विसंबून कोणी म्हणाले की इथे विशेष उपायांची गरज नाही, तर त्याला खोटे बोलल्याचा दोष देता येत नाही, आणि तरीही परिणाम भयंकर होतो. ‘सर्च’ आणि इतर स्वयंसेवी संस्थांनी मिळून २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. राज्यातले खरे बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, असे त्याने दाखवले आणि कुपोषण व बालमृत्यूची चर्चा एकदम राज्याच्या पटलावर आली. त्याआधीच, ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याच्या ‘सर्च’च्या प्रयोगाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. मृत्यू आधी मोजले होते म्हणून तर ते किती कमी झाले, हे सांगता आले.

छेद लहान असला की वेगळाच धोका उभा राहतो. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हा आकडा महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ होता. २०११ मध्ये तो ८९४ वर आला आणि बीड जिल्ह्यात तर ८०७ वर. लाखो बालकांवरून काढलेला आकडा इतका खाली येतो, तेव्हा त्यामागे योगायोग नसतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कडक कारवाई करायला तो पुरेसा पुरावा आहे. पण हीच पद्धत गावपातळीवर नेली की गडबड होते. वर्षाला वीस जन्म होणाऱ्या गावात १२ मुलगे आणि ८ मुली जन्मल्या, तर गुणोत्तर ६६७. पुढच्या वर्षी उलट झाले, तर १५००. दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने सहज घडू शकतात. पहिल्या वर्षी त्या गावाला ‘लाल यादी’त टाकणे आणि दुसऱ्या वर्षी सरपंचाचा सत्कार करणे, दोन्ही चूक. पाच वर्षांचे जन्म एकत्र करून पाहिले, शेजारची दहा गावे एकत्र घेतली, तर आकड्याला काही अर्थ येतो.

सरासरीला राज्याच्या राजकारणात सर्वांत मोठे स्थान मिळाले ते १९८४ मध्ये. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकासात तफावत आहे, ही तक्रार राज्य स्थापन झाल्यापासूनची. पण तफावत किती, कुणाची आणि कशात, याचे उत्तर भाषणांत मिळत नव्हते. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पुण्याच्या गोखले संस्थेत आयुष्य घालवलेले दांडेकर आकड्यांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. त्यांच्या समितीने निवडलेली रीत सामान्य माणसालाही समजेल अशी होती. सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती खर्च येईल ते मांडायचे. तो त्या जिल्ह्याचा अनुशेष.

समितीच्या १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपयांचा. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. शेवटचा आकडा अनेकांना चकित करणारा होता. पुढारलेला म्हणवला जाणारा पश्चिम भाग आणि कोकण एकत्र धरला, तर त्याचाही अनुशेष एकूण रकमेच्या ३७ टक्के! जिल्हा हे एकक धरल्यामुळे हे उघड झाले. प्रदेशाची सरासरी काढली असती, तर पुढारलेल्या जिल्ह्यांच्या आकड्यांखाली कोकणातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची गरज झाकली गेली असती.

या रीतीची मर्यादाही तितकीच शिकण्यासारखी आहे. पाच जिल्ह्यांचे सिंचन १०, १२, २०, २८ आणि ३० टक्के आहे असे समजू. साधी सरासरी २०. पहिला जिल्हा १० ने मागे, दुसरा ८ ने, एकूण अनुशेष १८. काही वर्षांत शेवटच्या दोन जिल्ह्यांत धरणे झाली आणि ते ३८ आणि ४० वर गेले. इतर तिघे जिथल्या तिथे. आता सरासरी २४. पहिला १४ ने मागे, दुसरा १२ ने, आणि काल बरोबरीत असलेला तिसराही ४ ने मागे. एकूण अनुशेष ३०. मापपट्टीच सरकत असल्याने निधी दिला तरी अनुशेष संपत नाही, ही तक्रार यातूनच आली. म्हणून ठरावीक तारखेचा अनुशेष गोठवून मोजण्याची वेळ आली. दुसरी हरकत एककाची. जिल्ह्याने प्रदेशाच्या पोटातली विषमता दाखवली, पण जिल्ह्याच्या पोटातली कोण दाखवणार? एखाद्या जिल्ह्यातला नदीकाठचा बागायती तालुका आणि पलीकडचा दुष्काळी तालुका यांची सरासरी काढली, तर जिल्हा ‘ठीक’ दिसतो. तालुका हे एकक धरावे, ही मागणी त्यानंतर वारंवार होत आली आहे आणि ती पूर्णपणे रास्त आहे.

एकक लहान करण्याची किंमत असते, आणि ती कुठे चुकवावी लागते हे पाहायचे तर शेतात जायला हवे.

पीक किती आले हे ठरवण्याची जुनी पद्धत आणेवारीची. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. नजरेने अंदाज करून यंदाचे पीक किती आणे, ते सांगायचे. आता तिला पैसेवारी म्हणतात. ५० पैशांच्या खाली गेलेल्या गावाला जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती मिळतात. ५१ पैशांच्या गावाला काही नाही. एवढी मोठी गोष्ट नजरेवर सोडणे धोक्याचे, हे ओळखून ज्यांनी शेतातच मोजमाप करण्याची शास्त्रीय पद्धत देशभर रुजवली, त्यांत दोन मराठी माणसे अग्रभागी होती: सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले.

प्रयोग कसा होतो? गावातला गट क्रमांक यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निवडला जातो, म्हणजे कोणाचे शेत घ्यायचे हे ना तलाठ्याच्या हाती, ना शेतकऱ्याच्या. शेताचा नैर्ऋत्य कोपरा धरून तक्त्यातूनच आलेली पावले लांबीकडे आणि रुंदीकडे टाकायची. तिथे खुंटी ठोकायची, दोरी ताणून, अनेक पिकांसाठी, १० मीटर बाय ५ मीटरचा आयत आखायचा. त्यातले पीक कापायचे, मळायचे, उफणायचे आणि दाणे तोलायचे. पन्नास चौरस मीटरचे असे दोनशे तुकडे एका हेक्टरात बसतात, म्हणून आलेल्या वजनाला दोनशेने गुणायचे. ८ किलो भरले तर हेक्टरी १६ क्विंटल. आणि तराजूत पाव किलोची चूक झाली, तर हेक्टरी ५० किलोंची.

आयत एवढा मोठा का, याला सुखात्म्यांच्या संशोधनाचा आधार आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवले की लहान तुकड्यांत उत्पादन फुगून दिसते. दोरीच्या काठावरचे रोप आतले की बाहेरचे, हे ठरवताना हात नकळत ते आत ओढतो. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्याला प्रत्येक चौरस मीटरमागे चार मीटर काठ असतो; १० बाय ५ च्या आयताला फक्त ६० सेंटिमीटर. काठ कमी, चूक कमी.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हीच वजने भरपाई ठरवतात. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून तर मुख्य भिस्त पीक कापणी प्रयोगांवरच आहे. विम्याचे एकक महसूल मंडळ, आणि एका मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग. त्यांची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली, तरच भरपाई. उंबरठा काढताना मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच घेऊन त्यांची सरासरी धरतात आणि तिच्या ७० टक्के लावतात. दोन वर्षे का गाळायची? सात वर्षांचे उत्पादन हेक्टरी १४, १५, ६, १३, १६, ५ आणि १५ क्विंटल आहे असे समजा. सगळ्यांची सरासरी १२, तिचे ७० टक्के ८.४. चांगल्या पाचांची सरासरी १४.६, तिचे ७० टक्के १०.२२. यंदा ९ क्विंटल पिकले, तर पहिल्या हिशेबाने शेतकऱ्याला छदाम मिळत नाही. दुसऱ्या हिशेबाने विमा रकमेच्या सुमारे १२ टक्के मिळतात. मागचे दुष्काळ सरासरीत धरले, तर ज्याने जास्त सोसले त्याचाच उंबरठा खाली जातो. दोन वाईट वर्षे गाळण्याचा नियम म्हणूनच न्यायाचा आहे.

पण उंबरठा ठरवताना दाखवलेली ही समज यंदाची दहा वजने हाताळताना दिसत नाही. समजा, एका मंडळात दहाही आयतांचे दाणे ५ ते ६ किलोंच्या दरम्यान भरले. शेजारच्या मंडळात नदीकाठच्या काळ्या जमिनीतले पाच आयत दहा-दहा किलोंचे आणि वरच्या अंगाच्या मुरमाड जमिनीतले पाच आयत एकेक किलोचे. दोन्हीकडे सरासरी साडेपाच किलो, म्हणजे हेक्टरी ११ क्विंटल. उंबरठा १०.२२ असेल, तर दोन्ही मंडळे अपात्र. हेक्टरी २ क्विंटलवर आलेल्या मुरमाड रानाच्या मालकाला कळवले जाते की त्याच्या मंडळात नुकसान झालेले नाही. पाऊसही मंडळाच्या एका ठिकाणच्या मापकात मोजला जातो आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरची रेषा ओलांडली की अतिवृष्टी धरतात. ओढ्याच्या एका अंगाला कोसळलेला आणि दुसऱ्या अंगाला न पडलेला पाऊस त्यातही एकच होऊन बसतो.

गावनिहाय एकक करावे, हा यावरचा सरळ उपाय वाटतो. योजनेच्या नियमांत ग्रामपंचायत पातळीवर एका पिकाचे चार प्रयोग पुरेसे मानले आहेत. पण मंडळात पंधरा गावे असली, तर दहाचे साठ प्रयोग होतात, तेही दर पिकाला, आणि काढणी सगळीकडे एकाच पंधरवड्यात येते. तोच कृषी सहायक, तोच तलाठी, तोच ग्रामसेवक. मनुष्यबळ न वाढवता संख्या वाढवली, तर दोरी शेतात ताणण्याऐवजी कागदावर ताणली जाईल. शिवाय चार वजनांची सरासरी दहांच्या सरासरीपेक्षा जास्त डळमळीत असते.

यापेक्षा कितीतरी स्वस्त गोष्ट आजच करता येईल. प्रत्येक प्रयोगाचा तक्ता भरलेला असतोच: गट क्रमांक, तारीख, वजन. शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ती मात्र बहुधा फक्त शेवटची सरासरी. दहाही वजने, त्यांतले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वजन आणि मध्यक, एवढे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. ज्या मंडळात कमाल आणि किमान वजनांत दुपटीहून जास्त फरक असेल, ते मंडळ जमिनीच्या प्रतीनुसार दोन भागांत पाडून तपासण्याची तरतूद नियमांत करावी. दहापैकी पाच वजने एकेक किलोची होती आणि पाचही मुरमाड जमिनीतली होती, हे फलकावर वाचलेला शेतकरी तालुका तक्रार निवारण समितीपुढे गट क्रमांकांसह उभा राहू शकतो, आणि समितीला त्याचे म्हणणे त्याच दहा आकड्यांवर तपासावे लागेल.